शाळेचं ग्रंथालय आणि गावचे कारभारी

ग्रंथालयांचा इतिहास म्हटलं की आपल्याला नालंदा आठवतं, तंजावरचं सरस्वती महाल आठवतं, मुंबईची एशियाटिक सोसायटी आठवते. आज आम्ही यातल्या कशावरही बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते शाळेतल्या एका खोलीबद्दल, खरं तर बहुतेक ठिकाणी एका कपाटाबद्दल. आणि ते कपाट उघडावं म्हणून मुख्याध्यापक, शाळा समिती, गावचे कारभारी यांच्याकडे ज्यांनी खेटे घातले त्यांच्याबद्दल.

या खेट्यांचा सर्वांत लांब आणि नीट नोंदलेला इतिहास अमेरिकेत सापडतो. जवळपास १९० वर्षांचा. तेव्हा आधी तिकडे जाऊ, मग बडोद्यामार्गे घरी येऊ. मार्ग वाकडा वाटेल, पण एक माणूस खरोखरच त्या वाटेने आलेला आहे.

१८३५ साली न्यूयॉर्क राज्याने एक कायदा केला. शाळेच्या डिस्ट्रिक्टला ग्रंथालयासाठी स्वतःवर कर बसवायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी २० डॉलर, पुढे दरवर्षी १० डॉलरपर्यंत. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे बरं का. एक खोलीची शाळा आणि तिच्याभोवतीची शेतकरी कुटुंबं, म्हणजे आपल्याकडच्या वस्तीशाळेएवढा पसारा. कायद्यामागे जेम्स वॉड्सवर्थ नावाचे जेनेसिओ गावचे मोठे जमीनदार होते. शिक्षणावर स्वतःचा पैसा खर्च करणारे, राजधानीत वजन असणारे. त्यांनी कायदा करून घेतला. आणि पुढे काय झालं? जवळजवळ काहीच नाही. कर बसवायचा तर वस्तीच्या सभेत हात वर करावे लागणार, आणि स्वतःवरच कर लावायला हात कोण वर करतो? फार थोड्या डिस्ट्रिक्टनी ती मुभा वापरली.

तीन वर्षांनी राज्याने धडा घेतला. १८३८ मध्ये वर्षाला ५५,००० डॉलर राज्याच्या निधीतून द्यायचे आणि तेवढीच रक्कम स्थानिकांनी घालायची, असं ठरलं. आता पुस्तकं आली, आणि धो धो आली. हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशकांनी खास शाळा-ग्रंथालयांसाठी मालिकाच काढली. १८५३ पर्यंत न्यूयॉर्कच्या या डिस्ट्रिक्ट ग्रंथालयांत मिळून १६ लाखांवर पुस्तकं झाली. त्या काळासाठी हा आकडा थक्क करणारा आहे. पुढच्या वीस-बावीस वर्षांत तो साधारण निम्म्यावर आला.

निम्मी पुस्तकं गेली कुठे, हा प्रश्न १८७६ साली अमेरिकेच्या शिक्षण विभागाने काढलेल्या ग्रंथालयांवरच्या मोठ्या अहवालात विचारलेला आहे, आणि उत्तरं वाचताना आपल्याच शेजारच्या शाळेचं वर्णन वाचतोय असं वाटतं. डिस्ट्रिक्ट इतके लहान, की पुस्तकं सांभाळायला माणूसच नाही. ती ट्रस्टीच्या घरी. ट्रस्टी बदलला की पेटी दुसऱ्याच्या घरी. निवड करणाऱ्याला मुलं काय वाचतात याची कल्पना नाही, त्यामुळे पुस्तकं प्रौढांची, जड, उपदेशाची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १८४३ पासून कायद्यात सूट आली होती. पुरेशी पुस्तकं झाली असतील तर तोच पैसा नकाशे, उपकरणं, शिक्षकांचा पगार याकडे वळवता येईल अशी. एकदा ही फट ठेवल्यावर काय होणार हे सांगायला नको. शिक्षकाचा पगार कोणत्याही ट्रस्टीला पुस्तकापेक्षा निकडीचा वाटणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

इथे जरा थांबून शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये डोकावू, कारण तिथला माणूस वेगळ्या जातकुळीचा होता. होरेस मॅन. १८३७ साली राज्याच्या नव्या शिक्षण मंडळाचे ते सचिव झाले. सचिव म्हणजे काय तर अधिकार शून्य. त्यांना कोणत्याही शाळेला हुकूम सोडता येत नव्हता. हातात दोनच गोष्टी: वर्षाचा अहवाल आणि गावोगावची भाषणं. १८३९ च्या अहवालात त्यांनी ग्रंथालयांचा प्रश्न मांडला तो माहिती गोळा करून. राज्यात ग्रंथालयं किती, त्यातली खरोखर सर्वांना खुली किती, मुलांच्या उपयोगाची किती, हे गावोगाव विचारून. आमच्या मते ही त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी. वाचनाने माणूस घडतो असं सगळेच म्हणतात, त्याने कोणी हलत नाही. तुमच्या गावात इतकी मुलं आहेत आणि त्यांना हात लावता येईल असं एकही पुस्तक नाही, असं म्हटलं की कारभारी जरा सावरून बसतो.

मॅनना एका भांडणालाही तोंड द्यावं लागलं. अमेरिकन संडे स्कूल युनियनचे फ्रेडरिक पॅकार्ड यांची इच्छा, की त्यांच्या संस्थेची धार्मिक पुस्तकं शाळांच्या ग्रंथालयांत जावीत. मॅननी नकार दिला. शाळा सगळ्या पंथांच्या मुलांची आहे, एका पंथाची शिकवण असलेलं पुस्तक तिथे चालणार नाही. वर्तमानपत्रांतून बराच धुरळा उडाला. पण मंडळाने पुस्तकांची यादी करताना नियम असा ठेवला, की मंडळाच्या प्रत्येक सभासदाची संमती असल्याशिवाय पुस्तक यादीत नाही. सभासदांत वेगवेगळ्या पंथांचे लोक. याचा फायदा असा की गावच्या समितीला पुस्तकं घेताना धाक उरला नाही. तोटाही होताच. सर्वांना चालेल अशी यादी केली की ती थोडी बेचव होते. मॅनना स्वतःला कथा-कादंबऱ्यांचं वावडं होतं, तो भाग वेगळा. मुलांना काय आवडतं यापेक्षा मुलांना काय हितकर आहे याचीच त्यांना काळजी. ही खोड आपल्याकडेही अजून गेलेली नाही.

आता पन्नास-साठ वर्षं ओलांडू. मधल्या काळात हायस्कुलं वाढली, सार्वजनिक ग्रंथालयं वाढली, ग्रंथपालनाचं शिक्षण देणाऱ्या संस्था निघाल्या. १८९६ मध्ये नॅशनल एज्युकेशन असोसिएशनमध्ये, म्हणजे शिक्षक आणि शाळाप्रमुखांच्या देशव्यापी संघटनेत, ग्रंथालय विभाग सुरू झाला. त्यासाठी प्रयत्न करणारे जॉन कॉटन डेना हे ग्रंथपाल. १९०० साली ब्रुकलिनच्या इरॅस्मस हॉल हायस्कूलमध्ये मेरी किंग्जबरी यांची नेमणूक झाली. ग्रंथपालनाचं रीतसर शिक्षण घेतलेली, हायस्कूलने नेमलेली पहिली ग्रंथपाल म्हणून त्यांचं नाव घेतात. तीन वर्षांनी ब्रुकलिनच्याच मुलींच्या हायस्कूलमध्ये मेरी हॉल आल्या, आणि पुढची कित्येक वर्षं या प्रश्नावर सर्वांत जास्त लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांत त्या होत्या.

या मंडळींनी मांडणी बदलली. त्या काळच्या लेखनात एक तुलना पुन्हा पुन्हा येते: ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळा. आज आपल्याला ती गुळगुळीत वाटेल. पण तेव्हा नुकत्याच हायस्कुलांत विज्ञानाच्या प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या, मुख्याध्यापकांनी त्यासाठी पैसे उभे केले होते, त्यांना त्याचा अभिमान होता. प्रयोगशाळेला खोली लागते, सामान लागतं, शिकवणारा माणूस लागतो आणि तासिका लागते, हे त्यांना पटलेलं होतं. मग इतिहासाच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकाला त्याची प्रयोगशाळा का नको? वाद मुख्याध्यापकाच्या घरात शिरून, त्याच्याच भाषेत घातलेला आहे.

यापुढचं पाऊल टाकणारे केस्पर कार्ल सर्टेन हे मुळात ग्रंथपाल नव्हते. ते डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये इंग्रजीचे शिक्षक. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हायस्कूल ग्रंथालयांची मानकं तयार केली. लहान शाळेला काय हवं, मध्यम शाळेला काय, मोठ्या शाळेला काय. खोली, फर्निचर, ग्रंथपालाची पात्रता, दरवर्षीची ठरावीक तरतूद. शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने ती १९१८ मध्ये मान्य केली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने ती छापली १९२० मध्ये. क्रम लक्षात घ्या. ग्रंथपालांनी मागणी केली आणि शाळावाल्यांनी मान डोलावली, असं झालेलं नाही. शाळावाल्यांच्या घरातून मानक निघालं, आणि ग्रंथपाल पाठीशी उभे राहिले.

त्यातही शाळेच्या आकारानुसार पायऱ्या ठेवणं ही फार शहाणपणाची गोष्ट होती. दोनशे मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापकापुढे दोन हजारांच्या शाळेचं चित्र ठेवलं तर तो फाइल बंद करतो. पुढे हायस्कुलांना मान्यता देणाऱ्या प्रादेशिक संघटनांनी ग्रंथालय ही अट मान्यतेत घातली. मान्यता गेली तर आपल्या मुलांच्या कॉलेज प्रवेशाची पंचाईत. आता मुख्याध्यापक स्वतःच समितीकडे जाऊन ग्रंथालयाचे पैसे मागू लागला. ज्याच्या दारात आपण जात होतो तोच आता दुसऱ्याच्या दारात जाऊ लागला.

अर्थात प्राथमिक शाळा मागे पडल्या ते पडल्याच. १९६० साली शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने नवी मानकं काढली, दर ३०० मुलांमागे एक ग्रंथपाल, अशी. तेव्हा अमेरिकेतल्या बहुसंख्य प्राथमिक शाळांत मध्यवर्ती ग्रंथालयच नव्हतं. वर्गाच्या कोपऱ्यात चार पुस्तकं, बस्स. मानक आणि वस्तुस्थिती यांत इतकं अंतर, की शाळाप्रमुखांना ते परीकथा वाटावं.

यावर जो उपाय निघाला तो आम्हाला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. नॅप फाउंडेशनने ११ लाख ३० हजार डॉलर दिले, आणि १९६३ ते १९६८ या पाच वर्षांत पाच प्राथमिक आणि तीन माध्यमिक शाळांत मानकाप्रमाणे ग्रंथालय प्रत्यक्ष चालवून दाखवलं. बाल्टिमोरची माउंट रॉयल, ऑस्टिनची कॅसिस अशा शाळा. उद्देश त्या आठ शाळा सुधारणं एवढाच नव्हता. देशभरातून लोकांना तिथे आणून दाखवायचं. आणि भेटीला येणाऱ्या गटांत नुसते ग्रंथपाल नकोत, शाळा चालवणारे हवेत, याकडे लक्ष होतं. कारण ग्रंथपालाने ग्रंथालय बघून यायचं आणि परत जाऊन मुख्याध्यापकाला त्याचं वर्णन सांगायचं, यात निम्मी ऊब वाटेतच जाते. मुख्याध्यापकाने स्वतः बघितलं, दहा वाजता एक वर्ग आत, त्याच वेळी दुसऱ्या वर्गातली चार मुलं आपापलं काही शोधतायत, गोंधळ नाही, पुस्तकं फाटत नाहीत, की मग त्याच्याशी वेगळ्या पातळीवर बोलता येतं.

१९६५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने शिक्षणाचा मोठा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात शाळांच्या पुस्तकांसाठी पहिल्या वर्षीच दहा कोटी डॉलर होते. ग्रंथालयं भराभर उभी राहिली. पण १९७४ मध्ये हा निधी इतर बाबींच्या निधीत मिसळला, आणि १९८१ मध्ये तो एकगठ्ठा अनुदानात गेला. कशावर खर्च करायचा ते स्थानिकांनी ठरवावं. म्हणजे १८४३ ची फट पुन्हा उघडली. जिथे ग्रंथपालाने समितीशी नातं राखलं होतं तिथे ग्रंथालय टिकलं, जिथे नव्हतं तिथे पैसा इतर निकडीच्या कामांना गेला.

आता घरी येऊ. सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेला. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. सक्तीने शिकलेली मुलं शाळा सोडल्यावर वाचायला काही नसेल तर अक्षरं विसरतात, ही अडचण त्यांना कळत होती. अमेरिकेच्या प्रवासात तिथली ग्रंथालयं त्यांनी पाहिली आणि १९१० साली कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्याला आणलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले.

पण राजाने ठरवलं आणि झालं, असं बडोद्याचं चित्र रंगवलं जातं ते अर्धं आहे. सरकारी खातं उभं राहण्याआधीच मोतीभाई अमीन या शिक्षकी पेशातल्या माणसाने मित्रमंडळ नावाने गावोगाव वाचनालयं काढायला सुरुवात केली होती. पुढे ते ग्रंथालय खात्यातच आले. आणि खर्चाची रचना अशी, की एक तृतीयांश गावाने उभा करायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने, एक तृतीयांश संस्थानाने. गावाने आपला वाटा काढल्याशिवाय पुढचे दोन वाटे मिळत नाहीत. म्हणजे राजा पाठीशी असूनही कोणी तरी गावच्या पटेलाच्या ओसरीवर बसून त्याला पटवायला लागणारच. बऱ्याच गावांत ते काम शाळामास्तरच करत. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत, त्यांच्या वाहतुकीचा खर्च संस्थान करी. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी १९१९ मध्ये या चळवळीवर पुस्तक लिहिलं आहे. ज्यांना रस असेल त्यांनी जरूर मिळवून वाचावं.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ मध्ये माध्यमिक शिक्षणाचा विचार करणारा मुदलियार आयोग नेमला गेला. त्याने शाळांच्या ग्रंथालयांबद्दल जे लिहिलं त्याचा सारांश असा: पुस्तकं जुनी, मुलांच्या आवडीशी संबंध नसलेली, खोली कोंदट, आणि सांभाळायला एखादा कारकून किंवा पुस्तकांची गोडी नसलेला शिक्षक. हे वाचून बडोदा आणि मुदलियार यांच्यामध्ये चाळीस वर्षं गेली यावर विश्वास बसत नाही.

आणि आज? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं असतील. गोष्टींची, हा शब्द कायद्यात आहे, बरं का. होरेस मॅनना पटला नसता. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. आणि त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीनचतुर्थांश सभासद पालक, निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा या समितीने करायचा.

म्हणजे परवानगी आहे, थोडा पैसा आहे, आणि पालकांना बसायला जागाही आहे. १८३८ च्या न्यूयॉर्कमध्ये जे होतं ते सगळं आहे. आणि जे नव्हतं तेच आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांत नाही: त्या पुस्तकांसाठी नेमलेला माणूस. आमचं मत असं, की समितीच्या सभेत पालक पुस्तकांची मागणी करतात तिथेच चुकतात. पुस्तकं आली की ठराव संपला, फोटो काढला, कपाट बंद. मागायची तर तासिका मागा, आणि त्या तासिकेला कोण बसणार त्याचं नाव इतिवृत्तात लिहून घ्या. शिक्षक कमी असतील तर आठवड्यातून दोन दिवस येणारी एखादी आई चालेल. जवळ अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथला माणूस चालेल. तिथली पुस्तकं शाळेत फिरतीवर आणता आली तर बडोद्याची पेटीच झाली ती.

इतका वेळ शांतपणे ऐकलंत. एक चिठ्ठी आली आहे, ती घेऊन थांबू. विचारलंय, "आमचे मुख्याध्यापक चांगले आहेत, पण म्हणतात, पुस्तक हरवलं तर ऑडिटमध्ये माझ्या पगारातून वसूल होईल, म्हणून कपाट बंद ठेवतो. त्यांना काय सांगायचं?"

फार चांगला प्रश्न आहे. ही भीती खोटी नाही, त्यामुळे तिला हसू नका. डेडस्टॉक रजिस्टरला पुस्तक एकदा चढलं की ते खुर्चीसारखंच मोजलं जातं. पण खुर्ची घरी नेण्यासाठी नसते. हा फरक सरकारलाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीत २१५ क्रमांकाचा नियम बघा. वर्षभरात दिल्या-घेतलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली तर ते वाजवी धरावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर, असं तिथे म्हटलं आहे. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला तो आपोआप लागू होत नाही. पण दाखला म्हणून तो सरांपुढे ठेवता येतो, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढेही. त्याची छापील प्रत घेऊन जा. सोबत समितीच्या पुढच्या सभेसाठी एक ठराव लिहून न्या, सरांना लिहायला लावू नका: मुलांना दिलेल्या पुस्तकांतून नेहमीच्या वापरात फाटलेली आणि हरवलेली पुस्तकं वर्षअखेरीस समितीपुढे मांडावीत, समितीने त्यांच्या निर्लेखनाची शिफारस करावी, आणि त्याची भरपाई कोणत्याही शिक्षकाकडून मागू नये. खाली सह्या पालकांच्या. आणि मग त्याच सभेत विचारा, की सर, सोमवारी कपाट किती वाजता उघडायचं?